संचकाराचे सहा लाख : कुणाच्या खात्यातून, कुणाच्या खात्यात?

(या सदरात बँक, ठेवी आणि घरखरेदीबद्दलच्या वाचकांच्या प्रश्नांना कोल्हापुरातल्या एक निवृत्त शाखाधिकारी उत्तरं देतात.)

प्रश्न : आम्ही नवरा-बायको फुलेवाडीत भाड्यानं राहतो. ताराबाई पार्कातला दोन बेडरूमचा जुना फ्लॅट ५४ लाखांना ठरलाय. मूळ मालक वारले. आता दोन मुलगे आणि बेळगावात दिलेली एक मुलगी, अशी तिघांची नावं लागलीत. संचकार (इसार, म्हणजे सौदा पक्का करताना द्यायची आगाऊ रक्कम) ६ लाखांचा ठरलाय. थोरला भाऊ म्हणतो, सगळे माझ्या खात्यावर टाका, मी वाटून देतो. एजंट म्हणतो, २ लाख रोख द्या, बाकीचा चेक. भाचा म्हणतो, मोबाइलवरून दोन मिनिटांत जातील. सासरे म्हणतात, डीडीसारखं खात्रीचं काही नाही. आमचे पैसे माझ्या पगाराच्या खात्यात, यांच्या सहकारी बँकेत आणि एका पतसंस्थेच्या ठेवीत असे विखुरलेले आहेत. बाकीच्या रकमेसाठी गृहकर्ज काढणार आहोत. अक्षय्य तृतीयेला पैसे द्यायचे ठरलंय. कसे द्यावेत?
– एक वाचक, फुलेवाडी

उत्तर : ताई, घरातल्या प्रत्येकानं तुम्हाला पैसे नेण्याचं साधन सांगितलं. मी आधी दोन टोकांकडे बघेन. खरेदीखतात ज्यांची नावं ‘घेणार’ (घर विकत घेणारे) म्हणून लागणार आहेत त्यांच्याच खात्यातून पैसे निघाले पाहिजेत आणि ‘देणार’ (घर विकणारे) म्हणून ज्यांची नावं आहेत त्या प्रत्येकाच्या खात्यात ते पोचले पाहिजेत. ही दोन टोकं पक्की केलीत की साधन आपोआप ठरतं. तुमच्या बाबतीत ते एनईएफटी आहे, म्हणजे एका बँकेतल्या खात्यातून दुसऱ्या बँकेतल्या खात्यात पैसे पाठवायची सोय. का, ते सविस्तर सांगते.

पहिल्यांदा रोख रकमेचं. ते २ लाख रोख देऊ नका. स्थावर मिळकतीच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीनं घ्यायला प्राप्तिकर कायद्यानं १ जून २०१५ पासून बंदी आहे. ती आगाऊ रकमेलाही लागू आहे आणि पुढे व्यवहार मोडला तरी लागू राहते. दंड घेणाऱ्याला होतो, आणि जेवढी रक्कम घेतली तेवढाच होतो. म्हणजे एजंट त्या भावंडांनाच खड्ड्यात घालतोय; हे त्यांना शांतपणे समजावून सांगा, बहुतेक वेळा माणसं ऐकतात. तुमचं नुकसान दुसऱ्या बाजूनं होतं. ३० ते ७५ लाखांच्या गृहकर्जात बँक घराच्या किमतीच्या जास्तीत जास्त ८० टक्के देऊ शकते. ५४ लाखांवर ते ४३ लाख २० हजार होतात आणि उरलेले १० लाख ८० हजार तुमच्या पदरचे. हे पदरचे पैसे दिलेत याचा पुरावा बँक मागते, आणि तो पासबुकातूनच मिळतो. रोख दिलेले २ लाख तिथे दिसणार नाहीत. ते तुम्हाला पुन्हा उभे करावे लागतील. स्टँप ड्युटी आणि नोंदणीचा खर्च त्या किमतीत धरत नाहीत, तो वेगळाच.

आता थोरल्या भावाचं. त्याच्या मनात काही वाईट नसेलही. पण एका वारसाला दिलेले पैसे बाकीच्या दोघांना मिळाले, हे तुम्ही कशावरून सिद्ध करणार? खरेदीखताच्या दिवशी बेळगावच्या ताई म्हणाल्या, ‘माझ्यापर्यंत काही आलं नाही, मी सही करत नाही,’ तर तुमचे सहा लाख अडकले. त्यांनी रीतसर नोंदवलेलं हक्कसोडपत्र करून दिलं असेल तर गोष्ट वेगळी. मग मालक दोघंच. पण तुम्ही लिहिता की नावं तिघांची आहेत. मग तिघांना प्रत्येकी २ लाख, तिघांच्या आपापल्या खात्यात. उद्या थोरल्या भावाकडे बाकीच्यांचं वटमुखत्यारपत्र आहे असं निघालं तरी सही तो करेल, पैसे मात्र ज्याचे त्याच्या खात्यातच जाऊ देत.

इथे एक हिशोब येतो, तो नीट बघा. मिळकत ५० लाख किंवा त्याहून जास्त किमतीची असली की घेणाऱ्यानं १ टक्का टीडीएस (विकणाऱ्याच्या प्राप्तिकरापोटी आधीच कापून ठेवायची रक्कम) कापून सरकारजमा करायचा असतो. पूर्वी काही जण म्हणायचे, विकणारे तिघं, प्रत्येकाच्या वाट्याला १८ लाखच येतात, मग टीडीएस कशाला? १ ऑक्टोबर २०२४ पासून ती पळवाट बंद झाली. सगळ्यांची रक्कम एकत्र धरतात. आणि टीडीएस शेवटच्या हप्त्यात नाही, प्रत्येक हप्त्यात कापायचा, संचकारातसुद्धा. फ्लॅट तुम्हा दोघांच्या नावावर घेणार असाल, तर प्रत्येकानं प्रत्येक विकणाऱ्याला १ लाख देणं आलं. त्यातले १ हजार टीडीएस, खात्यात जाणार ९९ हजार. दोघांनी तिघांना, म्हणून अशा सहा रकमा. एकूण ५ लाख ९४ हजार खात्यांवर आणि ६ हजार सरकारकडे. टीडीएसचा फॉर्मही प्रत्येक जोडीचा वेगळा, म्हणजे सहा. एप्रिलमध्ये पैसे दिलेत तर ३० मेपर्यंत भरायचे. त्यासाठी वेगळा टॅन नंबर (टीडीएस कापणाऱ्यांना घ्यावा लागणारा नंबर) काढावा लागत नाही, पॅनवर काम होतं. मात्र तिघांचे पॅन आधीच घ्या आणि ते चालू आहेत ना हे तुमच्या सीएकडून बघून घ्या. पॅन निष्क्रिय असेल तर १ टक्क्याच्या जागी २० टक्के कापायची पाळी येते. तिघांपैकी कुणी परदेशात राहत असेल तर नियमच बदलतात, तेव्हा तेही आत्ताच विचारा.

आता साधनं. आरटीजीएस (मोठ्या रकमा खात्यातून खात्यात पाठवायची सोय) मला फार आवडतं, पण त्याची किमान मर्यादा २ लाख आहे आणि तुमच्या रकमा ९९ हजारांच्या. तो प्रश्न तिथेच मिटला. आरटीजीएस खरेदीखताच्या वेळी वापरा. तिथे एकेक व्यवहार ताबडतोब आणि कायमचा पुरा होतो, वरची मर्यादा नाही, आणि समोरच्या बँकेनं पैसे अर्ध्या तासात खात्यात टाकायचे असतात. शाखेतून केलं तर २ ते ५ लाखांपर्यंत जास्तीत जास्त साडेचोवीस रुपये आणि त्यावर साडेएकोणपन्नास, शिवाय कर. एवढ्या मोठ्या व्यवहारात त्या पैशांकडे बघू नका.

एनईएफटीला खालची-वरची मर्यादा रिझर्व्ह बँकेनं ठेवलेली नाही. दर अर्ध्या तासाला एक अशा दिवसाला ४८ फेऱ्या असतात, आणि फेरी पुरी झाल्यावर दोन तासांत पैसे खात्यात दिसले पाहिजेत. १६ डिसेंबर २०१९ पासून ती रात्रंदिवस, सुट्टीलाही चालते. बचत खात्यावरून ऑनलाइन केली तर शुल्क नाही. थोडं थांबायची तयारी असेल तर यात उणं काहीच नाही. आयएमपीएसही चालेल, त्याची मर्यादा ५ लाख आहे आणि पैसे त्याच क्षणी जातात. पण तुमच्या बँकेनं स्वतःची कमी मर्यादा ठेवलेली असू शकते.

भाच्याचं यूपीआय मी या कामाला नाही म्हणेन. एका माणसानं दुसऱ्याला पाठवायची मर्यादा साधारण दिवसाला १ लाख आहे. तुमच्या प्रत्येकाच्या तीन रकमा मिळून २ लाख ९७ हजार होतात. तीन दिवस लागतील आणि संचकारपत्रावर तारखांचा गोंधळ होईल. आणि मोबाइल नंबरवर पैसे टाकले की ते समोरच्यानं जोडलेल्या कुठल्यातरी खात्यात जातात. ते कुठलं, हे तुम्हाला कळत नाही. मला इतक्या मोठ्या रकमेत खाते नंबर डोळ्यांनी बघितलेला हवा.

सासऱ्यांचं म्हणणं मी समजू शकते. डीडीत पैसे आधीच बँकेकडे जमा असतात, त्यामुळे चेकसारखा तो न वटण्याची भीती नसते. आणि २०१८ पासून डीडीवर तो काढणाऱ्याचं नावही छापतात. दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात खरेदीखताच्या दिवशी कर्ज देणारी बँक बऱ्याचदा डीडीच आणते. पण संचकाराला सहा डीडी काढायचे, ते तीन महिन्यांत तिघांनी भरायचे, त्यातला एक गहाळ झाला की नवा मिळवायची लांबण. आणि व्यवहार दोन दिवसांत फिसकटला तर मूळ डीडी त्यांच्याकडून परत आणायचे. चेकही कायद्यानं चालतो, फक्त ‘अकाउंट पेयी’ हवा. बेअरर चेक या कामाला चालत नाही. मात्र संचकारपत्रावर ‘पैसे मिळाले’ लिहायचं आणि चेक अजून वटलेला नाही, ही स्थिती दोघांनाही त्रासाची.

तुमच्या पैशांच्या तीन ठिकाणांबद्दल बोलते, कारण बहुतेक घरांत घोळ इथेच होतो. पतसंस्था ही बँक नव्हे. तिच्या ठेवीला बँकेतल्यासारखं ५ लाखांचं विमासंरक्षण नाही, आणि तिचा पैसा बाहेर पडतो तो तिच्या कुठल्यातरी बँकेतल्या खात्यातून. ‘चेक थेट मालकांच्या नावानं द्या’ असं त्यांना सांगू नका. तसं केलं तर पैसे देणारी म्हणून कागदोपत्री पतसंस्था दिसेल. ठेव मोडून पैसे आधी ठेव ज्याच्या नावावर आहे त्याच्या बँक खात्यात आणा, आणि हे काम निदान दोन आठवडे आधी उरका. तुमच्या यजमानांच्या सहकारी बँकेत मोबाइलवरून पैसे बाहेर पाठवता येतात की नुसती शिल्लक दिसते, हे आजच विचारा. आपल्याकडच्या काही छोट्या सहकारी बँकांत पैसे पाठवायला शाखेतच जावं लागतं, आणि शाखा सणाला, रविवारी, दुसऱ्या-चौथ्या शनिवारी बंद. तसं असेल तर मुहूर्त अक्षय्य तृतीयेचा आणि शाखेला कुलूप, असं होऊन बसेल. त्यांच्या वाट्याचे पैसे आधीच त्यांच्याच दुसऱ्या बँकेतल्या खात्यात आणून ठेवा.

खाते नंबर तिघांकडूनही रद्द केलेल्या चेकवर किंवा पासबुकाच्या पहिल्या पानाच्या प्रतीवर घ्या, सहीनिशी. पैसे पाठवताना बँक नाव जुळवून बघेल असं लोकांना वाटतं. तसं नाही. पैसे खाते नंबर बघून जमा होतात. मी शाखेत असताना एका गृहस्थांकडून दोन अंकांची अदलाबदल झाली आणि पैसे परक्याच माणसाच्या खात्यात गेले. तो भला निघाला म्हणून परत आले, पण त्याच्या संमतीची वाट बघण्यात त्यांच्या साठेखताची (खरेदीखताआधीच्या विक्रीच्या कराराची) तारीख टळली. त्या दिवसांतला त्यांचा चेहरा आठवला की अजून वाईट वाटतं. आता रिझर्व्ह बँकेनं एक चांगली सोय केलीय : आरटीजीएस आणि एनईएफटी करण्याआधी खाते नंबर घातला की खातेदाराचं नाव दाखवायचं. १ एप्रिल २०२५ पर्यंत बँकांनी ती विनाशुल्क सुरू करायची होती. ती वापरा, नाव संचकारपत्रातल्या नावाशी ताडून बघा. आणि तरीही आदल्या आठवड्यात तिघांना एकेक रुपया पाठवून ‘मिळाला’ म्हणून फोनवर खात्री करा. नवीन खाते जोडल्यावर पहिला दिवसभर बऱ्याच बँका मोठी रक्कम पाठवू देत नाहीत. तोही अडथळा त्यात निघून जातो.

ऐन दिवशी व्हॉट्सअॅपवर ‘खातं बदललंय, या नंबरवर टाका’ असा निरोप आला, तर तो कुणाच्याही नावानं आलेला असो, पैसे पाठवू नका. समोरासमोर किंवा तुमच्याकडे आधीपासून असलेल्या नंबरवर फोन करूनच विचारा.

राहिला कागद. वकिलांकडून संचकारपत्राचा मसुदा आधी पुरा करून घ्या, आणि अक्षय्य तृतीयेला सगळे एका टेबलाशी बसा. पैसे पाठवा, प्रत्येक रकमेचा यूटीआर नंबर (बँक प्रत्येक व्यवहाराला देते तो क्रमांक) मसुद्यात हातानं भरा, तिघांनी आपापल्या फोनवर जमा बघितलं की सह्या. पैसे संचकारपत्राच्या तारखेलाच किंवा त्याआधी बँकेतून गेलेले असणं तुमच्या फायद्याचं आहे. रेडी रेकनरचे (सरकारनं ठरवलेले जागांच्या किमतीचे) दर बदलायचे असले तर ते १ एप्रिलला बदलतात. खरेदीखत लांबून पुढच्या वर्षात गेलं आणि दर वाढले, तर प्राप्तिकरासाठी संचकाराच्या तारखेचा दर धरता येतो, पण एकाच अटीवर : काही रक्कम त्या तारखेपर्यंत बँकेमार्फत दिलेली हवी. स्टँप ड्युटीला हा नियम लागत नाही, ती त्या वेळच्या दरानंच. आणि कर्ज मंजूर झालं नाही तर किती दिवसांत, कुणी, कुठल्या खात्यावर पैसे परत करायचे, हे वाक्य वकिलांकडून आग्रहानं घालून घ्या. संकोच करू नका. तुमच्या आयुष्याची पुंजी आहे ती.

प्रश्न : पाचगावात नवीन बांधकामात ३८ लाखांचा फ्लॅट बघितला. बिल्डर बुकिंगचे ५ लाख मागतोय. खातं मात्र त्याच्या दुसऱ्या फर्मचं दिलंय. आरटीजीएस करू का?
– एक वाचक, जरगनगर

उत्तर : नको. रेरा कायद्याप्रमाणे (घरबांधणी प्रकल्पांचं नियमन करणारा कायदा) नोंदणीकृत करार होण्याआधी बिल्डरला किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त घेता येत नाहीत. ३८ लाखांचे १० टक्के ३ लाख ८० हजार. ५ लाख हवे असतील तर आधी करार नोंदवायला सांगा. महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक घालून बघा, आणि ग्राहकांकडून येणारे पैसे जमा करायचं प्रकल्पाचं जे ठरवून दिलेलं खातं असतं, त्यातच भरा. दुसऱ्या फर्मच्या खात्यात गेलेला रुपया त्या प्रकल्पाचा म्हणून मोजला जाईलच असं नाही. बिल्डर म्हणाला, ‘आमची इमारत छोटी आहे, रेरा लागत नाही,’ तर तेही खरं असू शकतं : ५०० चौरस मीटरपर्यंतचा भूखंड किंवा आठपर्यंत सदनिका असतील तर नोंदणीची सक्ती नाही, आणि आपल्या उपनगरांत अशा इमारती पुष्कळ. तिथे हे कवच नाही, म्हणून मी तिथे साठेखत नोंदवल्याशिवाय एक रुपयाही देणार नाही.

प्रश्न : मी विकणारी आहे. उजळाईवाडीतला प्लॉट विकतेय. घेणाऱ्यानं ३ लाख पाठवल्याचा मोबाइलवरचा फोटो दाखवला आणि सही मागतोय. मला बँकेचा मेसेजही आलाय, पण पासबुकात काही दिसत नाही.
– एक वाचक, गडहिंग्लज

उत्तर : काकू, सही करू नका. फोटो बनवता येतो आणि बँकेच्या मेसेजसारखा दिसणारा मेसेज कुणीही पाठवू शकतो. पैसे पुढच्या तारखेला पाठवायची नोंद करून त्याचाच फोटो दाखवणारेही असतात. त्याच्याकडून यूटीआर नंबर मागा, आरटीजीएसचा तो २२ अक्षर-अंकांचा असतो. तो घेऊन तुमच्या शाखेत जा, आणि पासबुक छापून रक्कम जमा दिसली तरच पुढे बोला. आरटीजीएस असेल तर उशिराचं कारण फारसं उरत नाही : पैसे खात्यात टाकता आले नाहीत तर तुमच्या बँकेनं ते परत पाठवायचे असतात. ‘पैसे यायला पिन टाका’ असं कुणी म्हणालं, तर फोन ठेवून द्या. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. पैसे गेलेच, तर त्याच तासात १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा.

त्यानं चेक द्यायचं म्हटलं तर घ्या. ४ ऑक्टोबर २०२५ पासून चेक त्याच दिवशी वटवायची पद्धत सुरू झाली आहे, पूर्वीसारखे दिवस मोजायला लागत नाहीत. फक्त ५० हजार किंवा त्याहून मोठ्या चेकचा तपशील देणाऱ्याला आपल्या बँकेला आधी कळवून ठेवता येतो, तेवढं त्याला करायला सांगा. आणि उद्या हा व्यवहार मोडला, तुम्हाला पैसे परत करायची वेळ आली, तर तेही रोख देऊ नका. २० हजारांची मर्यादा परत करतानाही तीच आहे. ज्या खात्यातून आले, त्याच खात्यावर एनईएफटीनं परत पाठवा आणि संचकारपत्राची मूळ प्रत रद्द म्हणून सही करून परत घ्या.